नीलचा पुतळा : मद्रास, १८६० ते १९३७

सरकारने केलेल्या हिंसेची आठवण आणि चौकातला पुतळा ह्यांचं भांडण कसं चालतं, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम जुनं प्रकरण घेतलं आहे. ह्यातला कोणीही आता निवडणुकीला उभा राहणार नाही, त्यामुळे डोकं शांत ठेवून बोलता येतं. इतिहासात नोंदलेली जाहीर नावं दिली आहेत. पुतळ्यावर घाव घालून तुरुंगात गेलेल्या साध्या स्वयंसेवकांची नावं दिलेली नाहीत. निर्णय कसे झाले हे समजायला ती लागत नाहीत.

पार्श्वभूमी

जेम्स जॉर्ज स्मिथ नील हा स्कॉटलंडमधल्या एअर गावाकडचा, जन्म १८१०. कंपनी सरकारच्या मद्रास फ्युझिलियर्स ह्या गोऱ्या पलटणीचा तो अधिकारी. मे १८५७ मध्ये मीरत आणि दिल्लीची बातमी आली, तेव्हा ही पलटण समुद्रमार्गे कलकत्त्याला धाडली गेली. हावड्याला त्याची माणसं पोचायच्या आत गाडी सुटू लागली, तेव्हा त्याने स्टेशनच्या कर्मचाऱ्यांनाच पहाऱ्यात ठेवलं आणि गाडी थांबवली. इंग्रजी शौर्यकथांमध्ये हा किस्सा फार आवडीने सांगितला जाई. कामाचा माणूस, कुणाची भीड न ठेवणारा, अशी त्याची प्रतिमा तिथून घडली आणि पुढे पुतळाही ह्याच प्रतिमेचा झाला.

किश्श्यानंतर काय झालं ते पाहू. जूनच्या सुरुवातीला बनारस, आणि ११ जूनला अलाहाबाद. तिथे सहाव्या पलटणीने ६ जूनला उठाव केला होता. किल्ला इंग्रजांकडे, शहर उठाववाल्यांचे पुढारी मौलवी लियाकत अलींकडे. आठवड्याभरात नीलने शहर परत घेतलं आणि फाशांचं सत्र सुरू झालं. चौकशी झाली तर नावापुरती. शिपाई कोण, दुकानदार कोण, कोण नुसताच रस्त्यात सापडला, हे पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

३० जूनला त्याने मेजर रेनॉच्या हाताखाली एक तुकडी कानपूरच्या रस्त्याने पुढे पाठवली. सोबतच्या लेखी सूचनांत काही गावं आधीच निवडलेली होती. ती उद्ध्वस्त करायची, तिथल्या पुरुषांना ठार करायचं. बंडखोर पलटणीतला जो शिपाई स्वतःचा नीट हिशेब देऊ शकणार नाही त्याला फाशी. फत्तेपूरचा डेप्युटी कलेक्टर हाती लागला तर त्याला फाशी देऊन त्याचं मुंडकं शहरातल्या एका मोठ्या मुसलमानी इमारतीवर लावायचं. ह्या सूचना शत्रूने रचलेल्या नाहीत. त्या त्याच्या बाजूच्या कागदांत आहेत, आणि इंग्रज इतिहासकारांनीच त्या छापल्या.

इथे तारखा घट्ट धरून ठेवायला हव्यात, कारण पुढच्या सगळ्या वादाची मेख त्यांच्यात आहे. कानपूरला सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची कत्तल झाली २७ जूनला. बीबीघरात सुमारे दोनशे इंग्रज बायकामुलांना मारलं गेलं १५ जुलैला. ती कत्तल खरी आणि भयंकर होती. नानासाहेब आणि तात्या टोपे आपल्या मायेचे म्हणून मराठी माणसाने ती आवाज खाली करून सांगायचं कारण नाही. पण अलाहाबादच्या फाशा जूनच्या मध्यावरच्या आहेत, म्हणजे दोन्हीच्या आधीच्या. रेनॉला सूचना दिल्या त्या दिवशी सतीचौऱ्याची बातमीसुद्धा अलाहाबादला पोचलेली नव्हती. ‘बीबीघर पाहून नीलचं डोकं फिरलं’ हे जे समर्थन पिढ्यानपिढ्या चाललं, ते नुसत्या दिनदर्शिकेवर कोसळतं.

कानपूरला तो पोचला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. २५ जुलैचा त्याचा हुकूम असा : दोषी ठरलेल्याने फाशीआधी बीबीघरातल्या रक्ताने माखलेल्या फरशीचा ठरावीक तुकडा स्वतः साफ करायचा. काम होता होईल तेवढं किळसवाणं करायचं, नकार दिला तर चाबूक. एका मुसलमान अंमलदाराने हरकत घेतली, तेव्हा त्याला फटके मारून फरशीवरचं रक्त जिभेने चाटायला लावलं. हे नीलने स्वतः पत्रात लिहिलं आहे, आणि हेतूही लिहिला आहे : शिक्षा ह्या लोकांच्या भावनांना सर्वांत जास्त घृणास्पद वाटेल अशी हवी, आणि त्यांना ती कायम आठवत राहायला हवी.

ह्यानंतर आठवडा जायच्या आत, ३१ जुलैला, खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या सरकारने सरसकट फाशा आणि गावं जाळणं ह्यांवर आवर घालणारा ठराव काढला. त्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून चिडवलं. म्हणजे काय चाललं होतं हे त्या काळातही सगळ्यांना ठाऊक होतं. २५ सप्टेंबरला लखनौच्या लढाईत नील गोळी लागून मेला.

पेच कसा तयार झाला

मद्रासमधल्या त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढली. मॅथ्यू नोबल ह्या इंग्रज शिल्पकाराकडून पुतळा करून घेतला आणि १८६० च्या सुमारास तो माउंट रोडवर, म्हणजे आजच्या अण्णा सलाईवर, उभा राहिला. नोबलनेच केलेला त्याचा दुसरा पुतळा एअर गावात आहे. मद्रासच्या चौथऱ्यावरच्या मजकुराचा आशय असा की बंगालमधल्या बंडाचा लोंढा पहिल्यांदा थोपवणारा हा वीर लखनौला धारातीर्थी पडला. अलाहाबाद, फत्तेपूरच्या रस्त्यावरची गावं, बीबीघरची फरशी ह्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पहिला निर्णय इथे झाला, आणि तो अजाणतेपणी झाला असं म्हणायला मी तयार नाही. नीलला स्वतःला लपवाछपवी नको होती. आपण काय केलं ते लोकांना जन्मभर आठवावं हीच त्याची इच्छा होती. लपवलं ते त्याचा सन्मान करणाऱ्यांनी. कॅनिंगचा ठराव नुकताच होऊन गेलेला असताना त्यांनी ‘काय केलं’ हा भाग गाळला आणि ‘कसा मेला’ हा भाग कोरला. सरकारी हिंसेच्या स्मारकांत ही युक्ती इतक्यांदा दिसते की चौथरा वाचायला घेतला की मी आधी क्रियापदं शोधतो. ‘पडला’, ‘थोपवलं’ ही असतात. ‘फाशी दिलं’, ‘जाळलं’ ही नसतात.

साठेक वर्षं पुतळा नुसता उभा होता. ट्राम गेल्या, मोटारी आल्या. १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर मात्र १८५७ च्या दडपशाहीकडे लोक नव्याने पाहू लागले. डायरचा जुना भाऊबंद आपल्याच शहराच्या मुख्य रस्त्यावर उभा आहे, हे मद्रासच्या तरुणांच्या ध्यानात आलं. लाहोरमध्ये पंजाबचा जुना इंग्रज कारभारी जॉन लॉरेन्स ह्याच्या पुतळ्यावरून वाद पेटलेलाच होता. लेखणीने राज्य करून घेणार की तलवारीने, असा सवाल त्या पुतळ्याखाली कोरलेला होता. १९२७ साली मद्रासमध्ये ठिणगी पडली.

समोर असलेले पर्याय

सनदशीर मार्ग म्हणजे कायदेमंडळ आणि महापालिका. तिथे अर्ज-ठराव करायचे, पण अंतिम दोरी ज्यांच्या हातात तेच नीलचे वारसदार. दुसरा पर्याय दुर्लक्षाचा. स्वराज्य आलं की पुतळे आपसूक जातील, आत्ता शक्ती कशाला घालवता, असं म्हणणारे शहाणे प्रत्येक चळवळीत असतात, आणि ते नेहमीच चुकीचे नसतात. तिसरा, थेट हातोडा.

पुतळा राहू द्या पण खाली खरी हकीकत लिहा, हा आज सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा चौथा पर्याय मागणीत नव्हता. मागणी एकच, हलवा. ह्यात नवल नाही. पाटी लावायचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याचीच हकीकत पाटीवर येते, आणि तो अधिकार सत्याग्रहींकडे नव्हता. पुढच्या सरकारकडे तो होता. त्याबद्दल खाली बोलेन.

काय केलं गेलं

तरुणांनी तिसरा मार्ग धरला. कुऱ्हाड, हातोडा, शिडी घेऊन दोघं-चौघं जायचे, घाव घालायचे, पळून न जाता पकडून घ्यायचे. शिक्षा व्हायची, आणि पुढची तुकडी यायची. मद्रास शहराबाहेरूनही स्वयंसेवक आले. कडलूरच्या अंजलै अम्माळ आपल्या लहान मुलीसह ह्यात उतरल्या आणि दोघी तुरुंगात गेल्या. पुढे गांधींनी त्या मुलीला आश्रमात नेलं आणि लीलावती हे नाव दिलं.

मग प्रश्न आला तो गांधींकडे. हातोडा आणि अहिंसा एकत्र बसतात का? सप्टेंबर १९२७ मध्ये ते मद्रासला असताना सत्याग्रही त्यांना भेटले आणि नंतर ‘यंग इंडिया’तही त्यांनी ह्या विषयावर लिहिलं. चळवळीचा हेतू त्यांना मान्य होता. अट शिस्तीची होती : राग इंग्रज माणसांवर नको, आणि शिक्षा आनंदाने सोसायची तयारी हवी. धातूवर घाव घातला म्हणून आपोआप हिंसा होते असं त्यांनी धरलं नाही. मनात काय आहे ते त्यांनी तपासायला लावलं.

ह्या निर्णयाचं मला कौतुक वाटतं, आणि त्यातली एक अडचणही दिसते. राग व्यक्तीवर नको म्हटलं की नील प्रतीक होतो. प्रतीक झाला की त्याने नेमकं काय केलं ह्याचा तपशील मागे पडतो आणि तो ‘साम्राज्याचा पुतळा’ होऊन बसतो. चळवळीला प्रतीक सोयीचं असतं. पण अलाहाबादच्या रस्त्यावर मारल्या गेलेल्यांच्या बाजूने पाहिलं तर तपशील हीच त्यांची एकुलती एक मालमत्ता होती.

दुसरा निर्णयाचा क्षण आला नोव्हेंबर १९२७ मध्ये. सायमन कमिशनची घोषणा झाली. तरुण कामराज (पुढे मद्रासचे मुख्यमंत्री) पुतळ्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व घेणार असं ठरत होतं, पण काँग्रेसचं सगळं बळ बहिष्काराकडे वळलं आणि पुतळ्याचा विषय बाजूला पडला. संघटनेच्या दृष्टीने ह्यात चूक काढता येणार नाही. देशभराचा प्रश्न आणि एका रस्त्यावरचा पुतळा ह्यांत निवड करायची तर कुणीही हेच केलं असतं. मात्र तुरुंगात गेलेल्यांच्या हाती काही न पडता आंदोलन विझलं, आणि नील आणखी दहा वर्षं माउंट रोडवर राहिला.

निष्पत्ती

जुलै १९३७ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. महापालिकेने ठराव केला आणि त्याच वर्षी पुतळा रस्त्यावरून हलला. आज तो चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. हातोडा नाही, शिडी नाही, अटक नाही. १९२७ साली जे गुन्ह्याच्या रकान्यात पडत होतं ते १९३७ साली इतिवृत्तातला एक ठराव झालं. मधल्या काळात नीलबद्दल नवीन काहीच उजेडात आलं नव्हतं. बदलली होती ती सही करणारी माणसं.

काम फत्ते, असं म्हणता येईल. मागणी ‘हलवा’ होती, ती शंभर टक्के पुरी झाली. पण अंदमानच्या समुद्रात त्याच्याच नावाचं बेट होतं. पर्यटकांच्या तिकिटांवर, हॉटेलांच्या जाहिरातींत, सरकारी नकाशांत ‘नील आयलंड’ हे नाव बिनबोभाट चालू राहिलं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचं शहीद द्वीप झालं. पुतळा गेल्यावर ८१ वर्षांनी! मधुचंद्राला तिथे जाऊन आलेल्या किती जोडप्यांना हा नील कोण हे ठाऊक होतं, हा खोचक प्रश्न विचारायचा मोह होतो. दोष जोडप्यांचा नाही. पुतळा हलवताना आठवणही त्याच गाडीत घालून आत नेली गेली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

काय वेगळं करता आलं असतं

१९३७ च्या मंत्रिमंडळाच्या हातात ती गोष्ट होती जी सत्याग्रहींच्या हातात नव्हती : सरकारी दगडावर सरकारी हिंसेबद्दल लिहायचा अधिकार. मंत्रिमंडळ परक्या गव्हर्नरच्या हाताखाली होतं, त्याला मर्यादा होत्या, हे मान्य. तरी १९४७ नंतर ती सबबही उरली नाही.

दिल्लीने एक वेगळा रस्ता घेतला. तिथल्या रिज ह्या टेकडीवर १८६३ सालचं ‘म्युटिनी मेमोरियल’ आहे. दिल्ली घेताना पडलेल्या इंग्रजी फौजेचं. त्यावरच्या मजकुरात उठाववाल्यांना शत्रू म्हटलं आहे. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, ते पाडलं नाही आणि हलवलंही नाही. नाव अजितगढ केलं आणि शेजारी पाटी लावली : ह्या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते परकी राजवटीविरुद्ध उठून शौर्याने लढलेले लोक होते. जुना मजकूर तसाच, उत्तर त्याच्या बाजूला. मला हा उपाय नीलच्या प्रकरणापेक्षा सरस वाटतो, पण तोही अर्धाच आहे. पाटीने शत्रूंचे वीर केले. जे ना शत्रू होते ना वीर, दिल्ली पडल्यावर घरातून ओढून मारले गेले, ते ह्या पाटीतही मावले नाहीत.

कानपूरने तिसरंच केलं. बीबीघरातले मृतदेह ज्या विहिरीत टाकले होते तिच्यावर मारोकेत्ती ह्या शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी देवदूत होता आणि त्या बागेत एतद्देशीयांना सहज प्रवेश नसे. स्वातंत्र्यानंतर देवदूत तिथल्या चर्चच्या आवारात गेला, बागेला नानारावांचं, म्हणजे नानासाहेबांचं, नाव मिळालं आणि आत तात्या टोपेंचा पुतळा आला. एका बाजूची आठवण काढली, दुसऱ्या बाजूची बसवली. मराठी मनाला हे सुखावतं, म्हणूनच इथे सावध राहायला हवं : त्या विहिरीतली मुलंही लढणारी नव्हती.

पुतळ्याला लागतो नायक, आणि गोळीबारात, फाशांच्या सत्रात मरणारा बहुतेकदा नायक नसतो. तो बाजाराला निघालेला असतो. आपल्याकडचंच पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्याच लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला पंधरा जण गेले, पुढे संख्या शंभरावर पोचली. स्मारकावर हातात मशाल घेतलेले कामगार आणि शेतकरी आहेत. दिमाखदार आहेत, हवेतच. पण मृतांची नावनिशी जपली गेली ही तिथली खरी कमाई आहे, कारण त्या यादीत मशाल कधीच हाती न घेतलेल्यांनाही जागा मिळते. गोळीबार कुणी केला हे मात्र मशालीकडे पाहून कळत नाही.

अलाहाबादला अशी यादी नाही. किती मारले गेले ह्याचे जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत. मारणाऱ्यांनी मोजलं नाही आणि मोजू शकणारे पळत होते. तिथल्या लोकांनी आठवण झाडांवर ठेवली. शहराच्या चौकातला कडुनिंब फाशांचं झाड म्हणून ओळखला जातो. फत्तेपूर जिल्ह्यातली बावनी इमली, जिथे १८५८ मध्ये बावन्न जणांना लटकवल्याचं सांगतात, ती आज स्मारक आहे. ह्या झाडांची माणसं आणि माउंट रोडवरचा पुतळा ह्यांच्यात दोनेक हजार किलोमीटरचं अंतर. १९२७ मध्ये आणि १९३७ मध्येही वाद मद्रासकर आणि मद्रास सरकार ह्यांच्यात झाला. ज्यांची गावं जळली त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कुणी विचारलं नाही. माझ्या मते ह्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि आजच्या पुतळा-समित्या ती जशीच्या तशी करतात. बैठकीला नगरसेवक असतात, शिल्पकार असतो, पोलीस असतात. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते फार तर अनावरणाला पहिल्या रांगेत.

आता करता येण्यासारखं काय उरतं? पुतळा परत रस्त्यावर आणावा असं कुणीही म्हणणार नाही. संग्रहालयातल्या पुतळ्याखाली कसा मजकूर असावा ह्याचा एक मसुदा मी वर्गात मुलांकडून करून घेतो. नेहमीचा पहिला प्रयत्न ‘क्रूर इंग्रज सेनानी’ ह्या शब्दांनी सुरू होतो. विशेषणं काढा आणि तारखा घाला म्हटलं की साधारण असा होतो :

‘जेम्स नील, १८१०–१८५७. जून १८५७ मध्ये अलाहाबादला ह्याच्या हुकमाने लोकांना फाशी दिलं गेलं. ३० जूनला ह्याने कानपूरच्या रस्त्यावरची गावं नष्ट करून तिथले पुरुष मारण्याच्या लेखी सूचना दिल्या. ह्याच्या गौरवासाठी मद्रासमध्ये वर्गणीतून हा पुतळा उभारला. तो हटवावा म्हणून १९२७ मध्ये अनेक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. १९३७ मध्ये तो रस्त्यावरून काढला. मारले गेलेल्यांची यादी कोणत्याही सरकारने केली नाही.’

शेवटच्या वाक्यावर दर वेळी वाद होतो. ‘कोणत्याही सरकारने’ ह्यात आपलंही सरकार येतं, ते गाळावं, असं कुणीतरी म्हणतंच. मी गाळू देत नाही.